आपली बाजू

"दुःखाला आलेत की चहाला, तेच कळेनासं झालंय," आई सिंकमधल्या कपांना सांगत होती. "आणि वर म्हणे साखर कमी घाला. रडायला आलेल्या माणसाला साखरेची शुद्ध राहतेच कशी?"

शेजारी फडकं घेऊन उभ्या असलेल्या सरकारने कप पुसला, उपडा ठेवला, आणि पुढचा घेतला. आईचं पुटपुटणं कपांसाठी होतं, तिच्यासाठी नव्हतं. मधे तोंड घातलं की पुटपुटणं बंद होतं आणि भांडी जोरात आपटायला लागतात, हे तिला शाळेत असल्यापासून माहीत होतं.

'सरकार' हे नाव अण्णांनी पाडलेलं. अण्णा गावातले नावाजलेले वकील. लेक शिकली, काळा कोट घातला, आता आपल्या शेजारच्या खुर्चीत बसणार असं त्यांनी धरून ठेवलेलं, आणि लेकीने पत्करली सरकारी नोकरी. तीही कुठली, तर ज्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकारतर्फे फुकट वकील मिळवून देणाऱ्या कार्यालयात. ऑर्डर आली त्या दिवशी अण्णांनी दारातच वाकून हात जोडले होते. "यावं सरकार." नंतर जेवताना म्हणाले, "फुकटचा वकील म्हणजे फुकटचं औषध. घेणाऱ्याचाही विश्वास नाही आणि देणाऱ्याचाही." ती म्हणाली होती, "मग दोघांचा बसवायला कुणीतरी लागेलच की." अण्णा गेले. नाव राहिलं. आता ती अख्ख्या जिल्ह्याच्या त्या कार्यालयाची प्रमुख होती, केस पांढरे झाले होते, आणि पोलिसांशी, तुरुंगाशी, पालिकेशी रोज उठून भांडत होती. सरकारचा पगार खाऊन सरकारशी भांडणारी सरकार, असं मामा चारचौघांत सांगायचा, आणि त्यात कौतुक किती नि टोमणा किती हे ऐकणाऱ्यावर सोडायचा.

"उद्या तू जाऊ नकोस," आई एकदम म्हणाली. या वेळी कपांना नाही.

"कुठे?"

"कुठेच. एक दिवस आजारी पड. जन्मात कधी तुला ताप आला नाही. एक दिवस आला तर कोण थर्मामीटर लावायला येणारय?"

"मला ताप आला म्हणून त्याला वकील मिळायचा राहणार नाही, आई."

"राहू दे असं म्हणतंय कोण? मिळू दे. पण तुझ्या हातून नको." आईने नळ बंद केला. "त्या हातांनी तू भोवऱ्याला न्हाऊ घातलंयस."

सरकारने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ओलं झालं होतं, आता नुसतं पाणी इकडचं तिकडे करत होतं.

भोवरा दादाचा मुलगा. एका जागी बसणं त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून भोवरा. महिना झाला नव्हता अजून. पहाटे मित्राला मागे बसवून मोटरसायकलवर निघाला आणि डेअरीच्या वळणावर दुधाच्या टँकरखाली गेला. मागचा मित्र वाचला, पाय मोडून. हा मित्र भोवऱ्याच्या इतका मागे मागे असायचा की घरात त्याला सगळे शेपूटच म्हणत. शेपटाने दवाखान्यात पोलिसांना जबाब दिला, टँकर आमच्या बाजूला आला. टँकरवाला तेव्हापासून कोठडीत. आणि अण्णांच्या नावाचा मान म्हणून गावातल्या वकिलांच्या संघटनेने ठराव केला, की त्या टँकरवाल्याचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही.

आता ज्याला कुठलाच वकील दारात उभं करत नाही, त्याला सरकारच्या दारात उभं राहायचा हक्क असतो. आणि त्या दाराशी बसलेली होती भोवऱ्याची आत्या. उद्या त्याला वकील नेमून द्यायचा होता.

"आई, एक विचारू?"

"नको."

"मी अजून काही विचारलं नाही."

"म्हणूनच नको." आईने तिच्या हातून फडकं काढून घेतलं आणि पिळलं, गरजेपेक्षा जास्त. "काही गोष्टी तुला माहीत नसलेल्याच बऱ्या. तू एकदा ऐकलंस की ते तुझ्या पोटात राहत नाही. लहानपणीही राहायचं नाही. अण्णांचा चष्मा दादाने फोडला तेव्हा कुणी सांगितलं होतं?"

ते खरं होतं. गेले काही दिवस सरकार खोलीत शिरली की बोलणं दार लागल्यासारखं बंद व्हायचं. कोर्टात साक्षीदार गप्प झाला की का झाला हे ती चुटकीसरशी सांगायची. इथे ती तशीच गप्प होऊन पाण्याचा ग्लास उचलायची. घरात हुशारी दाखवायची नाही, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं. ती हुशारी नव्हती, भीती होती, हेही तिला कळत होतं.

बाहेरच्या खोलीत मामाची सभा भरली होती. मामा आईचा धाकटा भाऊ. कोर्टाची समन्स घरोघर पोचवण्यात आयुष्य गेलं त्याचं. निवृत्त झाला तरी रोज सकाळी कोर्टाच्या कँटीनमध्ये हजेरी लावायचाच, त्यामुळे न्यायाधीशाच्या आधी निकाल त्याला कळतो असा त्याचा दावा होता. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, दाढी वाढलेली. त्याची मुलगी, भोवऱ्याची धाकटी बहीण चिमणी, पायाशी गुडघे जवळ घेऊन. आतल्या खोलीचं दार थोडंसं उघडं होतं. तिथे पलंगाच्या कडेवर वहिनी बसलेली असायची. त्या पहाटेपासून ती 'हो', 'नको' आणि 'ठेव तिथे' एवढंच बोलत होती.

"ये, सरकार, बस," मामा म्हणाला. "तुझंच चाललं होतं."

"ते कळलं. सगळे एकदम गप्प झालात त्यावरून."

"मी एवढंच म्हणत होतो, की ठराव झाला तो अण्णांसाठी झाला. सगळ्या वकिलांनी मिळून केला. अशी इज्जत कुणाला मिळते मेल्यावर? आणि त्याच ठरावावर पाय ठेवून अण्णांचीच मुलगी उभी राहणार. लोक काय म्हणतील याचा विचार कर."

"अण्णा असते तर त्यांनी ठराव केला नसता, मामा. दुप्पट फी सांगून केस घेतली असती."

चिमणीच्या नाकातून हसू निसटलं आणि लगेच तिने गुडघ्यांत तोंड खुपसलं. मामालाही हसू आलं, पण त्याने ते खोकल्यात घातलं. एवढं एक क्षणभर घर पूर्वीसारखं झालं.

मग दादा बोलला. हळू, खिडकीबाहेर बघत. "कुणी म्हणत नाही देऊ नकोस. दे त्याला वकील. कायदाच आहे. मी काय अडाणी आहे?" तो थांबला. "फक्त सांग. पाळी कुणाची आहे?"

खोलीतल्या सगळ्यांनी आपापले कप एकदम निरखायला घेतले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. कँटीनमधून आलं असणार.

या पाळीची एक गोष्ट होती. सरकार त्या कार्यालयात रुजू झाली तेव्हा ते कोर्टाच्या जिन्याखाली होतं. दोन खुर्च्या, एकीचे पाय तीन. चांगल्या केसेस साहेबांच्या भाच्यांना जायच्या आणि तुरुंगातल्या कंगालांच्या केसेस ज्याचं तोंड आधी दिसेल त्याच्या गळ्यात. पुढे ती प्रमुख झाली आणि तिने आल्या आल्या नियम केला, की पॅनेलवरच्या वकिलांना केस क्रमानेच जाईल. ज्याची पाळी, त्याची केस. कारकुनांची पंचाईत झाली. साहेब बाई, आणि तिच्यासमोर तोंडाने 'पाळी' म्हणायचं? कुणी 'टर्न' म्हणे, कुणी 'नंबर', एकाने तर मान खाली घालून विचारलं, "मॅडम, आज कुणाची... ती आहे?" तेव्हा ती म्हणाली होती, "पाळी म्हणा. चुकली तर काळजी करायची. आली तर लाजायचं कशाला?" ते वाक्य वाऱ्यासारखं कोर्टभर पसरलं. त्यानंतर मंत्र्याचा फोन आला तरी तिचं उत्तर ठरलेलं, पाळी म्हणजे पाळी. वरिष्ठांनी दुसऱ्या गावी फेकलं, परत आणलं, बढती अडवली, अडवून अडवून शेवटी दिली. पाळी मोडली नाही.

"पाळी डुलकीची आहे," मामाच म्हणाला. राहवलं नाही त्याला.

डुलकी वकील. खरं नाव पाटीवरही पुसट झालेलं. साक्षीदार बोलायला लागला की त्यांची मान छातीकडे निघायची, आणि न्यायाधीश 'काही विचारायचंय?' म्हणाले की ते दचकून 'नाही' म्हणायचे. त्यांना पॅनेलवरून काढा असं सरकारने वर कितीदा लिहिलं होतं. ते वरच्या कुणाचे तरी जावई होते. प्रत्येक वेळी उत्तर यायचं, विचार चालू आहे. विचारही डुलक्या घेतच चालू असणार.

"तुला काहीच करायचं नाही," दादा म्हणाला. आता तो तिच्याकडे बघत होता, डोळे लाल, आवाज मात्र गाडी शिकवताना असायचा तसा, एकेक पायरी समजावणारा. "खोटं बोलायचं नाही, कागद फाडायचा नाही. तुझाच नियम पाळ. सगळं आयुष्य पाळलास, उद्याही पाळ. एवढंच मागतोय."

मागणं अगदी साधं होतं. कुणीतरी पैसे पुढे केले असते तर तिने कप ठेवून उठून दाखवलं असतं. इथे दादा तिच्याच हाताने बांधलेली भिंत दाखवून म्हणत होता, हिला टेकून बस.

"दादा, ती बांगड्यांवाली बाई आठवते तुला? मी सांगितलं होतं."

"आता बायकांच्या गोष्टी नकोत."

"एकच आहे. छोटी आहे." ती उभीच राहिली. "धुणंभांडी करायची. मालकिणीच्या बांगड्या चोरल्या असा आळ. डुलकीसाहेबांची पाळी होती. मी तुरुंगात गेले तेव्हा तिला शिक्षा होऊन गेली होती. बांगड्या नंतर मालकिणीच्या मुलीकडेच निघाल्या, ते जाऊ दे. मी तिला विचारलं, बाई, मालकीण एवढं खोटं बोलत होती, तुझ्या वकिलांनी काहीच कसं विचारलं नाही? तर ती म्हणाली, साहेब दमले होते हो. गाढ झोपले होते. मी उठवलं नाही."

आतल्या खोलीत पलंग किंचित करकरला.

"तिला वाटलं झोपमोड करणं बरं नाही," सरकार म्हणाली. "तेव्हापासून मला ते वाक्य झोपू देत नाही. आणि तू म्हणतोस, काहीच करू नकोस."

"ती चोर नव्हती," दादा म्हणाला. "याने माझा मुलगा मारलाय."

"मारला असेल तर चांगल्या वकिलासमोरही तो मारलेलाच राहील."

हे 'असेल' तिने मुद्दाम घातलं नव्हतं. सवयीने आलं. पण ते खोलीत पडलं, आणि सगळ्यांनी ते पडताना ऐकलं. मामाने घाईघाईने बशी उचलली.

नेमका तेव्हा तिचा फोन वाजला. शाईपेन होता. तिच्या कार्यालयातला तिच्या खालोखालचा अधिकारी, बॉलपेनला हात न लावणारा, म्हणून शाईपेन. तिने फोन घेतला, आणि आत न जाता तिथेच उभी राहिली. लपवण्यासारखं काही नाही हे दाखवायला, की पळून जायला वाट नको म्हणून, तिलाच सांगता आलं नसतं. शाईपेनचा आवाज फोनमध्ये मावत नसे. तो खोलीभर ऐकू येत होता.

"मॅडम, रविवारी त्रास देतोय. उद्याच्या त्या प्रकरणात पाळी डुलकीसाहेबांची निघतेय. आदेश लिहू का?"

"मी या प्रकरणातून बाजूला आहे, असं लिहून दिलंय ना तुम्हाला?"

"दिलंय, मॅडम. त्याचंच तर संकट झालंय. तुम्ही बाजूला, म्हणजे सही माझी. आणि माझा हात थरथरतोय. नियमाने बघितलं तर काहीच चूक नाही. पण प्रकरण तुमच्या घरचं आणि वकील नेमके हे, उद्या कुणी म्हणालं की ठरवून केलं, तर मी काय सांगू? आणि पाळी मोडली, तर तुमचंच वाक्य माझ्या तोंडावर मारतील."

दादा तिच्याकडे बघत होता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हात पदरात.

सरकारला वाटलं, नुसतं गप्प राहिलं तरी चालेल. दोन क्षण. शाईपेन म्हणेल 'बरं मॅडम' आणि फोन ठेवेल. पाळी आपल्या पायाने चालत डुलकीपर्यंत जाईल. कुणी तिला नाव ठेवणार नाही. उलट म्हणतील, बघा, घरचं मूल गेलं तरी नियम सोडला नाही.

"लिहू नका," ती म्हणाली.

"मॅडम?"

"बाजूला नुसतं मी होऊन भागणार नाही. आपलं कार्यालयच बाजूला व्हायला हवं. तुमचा हात माझ्यामुळेच थरथरतोय, तर त्या हाताची सही त्याच्या काय कामाची? प्रकरण शेजारच्या जिल्ह्याकडे द्या, अशी विनंती मी आत्ता वर पाठवते. मुख्य कार्यालयात आज कोण आहे ते मला ठाऊक आहे. तासाभरात होईल. वकील तिकडचा येईल."

"पण मग पाळी..."

"मोडली."

पलीकडे शाईपेनने श्वास घेतला. "कुणी मोडली म्हणून लिहू?"

"मी मोडली म्हणून लिहा. शाईने."

तिने कॉल बंद केला, पण फोन हातातून खाली ठेवला नाही. तिथेच उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत, अंगठ्याने विनंती लिहिली. चष्मा आत राहिला होता, म्हणून फोन लांब धरून. एक अक्षर चुकलं, खोडलं, परत लिहिलं. पाठवलं.

"शेजारचा जिल्हा म्हणजे..." मामा म्हणाला. "तिथे ती तिखट वकीलबाई आहे ना? तुझ्याच हाताखाली तयार झालेली?"

"तीच."

"अगं, ती समोरच्या साक्षीदाराने पाणी मागेपर्यंत सोडत नाही. आणि पाणी प्यायला की परत पहिल्यापासून विचारते. मी बघितलंय." मामाचा आवाज बारीक झाला. "मग ते शेपूट, त्या पोराचं काय? पाय प्लास्टरमध्ये आहे त्याचा. तो कसला टिकतोय? जबाब देतानाही दादाच उशाशी बसला होता म्हणून..."

मामा थांबला. उशिरा थांबला.

सरकारने दादाकडे पाहिलं नाही. इतकी वर्षं लोकांचे चेहरे वाचून पोट भरलं, आणि आता एका चेहऱ्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

दादा उठला. खुर्ची भिंतीला लागली. "तू कुठल्या बाजूची आहेस, सरकार?" एवढं विचारून, उत्तराला न थांबता, तो जिना उतरून खाली गेला.

"झालं समाधान?" आई म्हणाली. "आता एक गेला, दुसराही तोडलास."

चिमणीने वर पाहिलं. तिचा चेहरा रडून रडून भोवऱ्यासारखाच दिसायला लागला होता, रुंद आणि हट्टी. "आत्या, खरंच सांग. तू आमची आहेस की त्याची?"

"तुमचीच आहे, चिमणे. तुमचीच होते आणि तुमचीच राहणार. त्याचं कुणी नाहीये, एवढंच."

ती दादाच्या मागे खाली गेली.

खाली दादाची शाळा होती. मोटार शिकवायची. अर्ध्या गावाला गाडी दादाने शिकवली होती. उरलेलं अर्धं गाव कसं चालवतं ते बघा, असं तो अभिमानाने सांगायचा. लांबट खोली, बाकं, खिडकीशी एक जुनं स्टिअरिंग, हात बसावा म्हणून टेबलाला ठोकलेलं. समोरच्या भिंतीवर लोखंडी फळा. त्यावर रस्ते रंगवलेले, चौक, वळणं, दुभाजक, आणि त्यांवर लोहचुंबकाच्या चिमुकल्या गाड्या, बोटाने सरकवायच्या. फळ्याच्या वर दादाने स्वतः पेंटर आणून लिहून घेतलेलं वाक्य, दारावरच्या पाटीवरही तेच: आपली बाजू सोडू नका.

दादा फळ्यापाशी उभा राहून वाकड्या झालेल्या गाड्या सरळ करत होता. एकेक. शिकवणी बंद होती, पण गाड्या सरळ हव्यात.

"पहिल्या दिवशी तुला कोर्टात कुणी सोडलं होतं?" त्याने पाठमोऱ्याच विचारलं.

"तू. शिकवायच्या गाडीतून."

"अण्णा तोंड फिरवून बसले होते. आई रडत होती. मी म्हटलं, सरकार, पुढे बस, चालव तूच. घाबरू नकोस, ब्रेक माझ्याही पायाखाली आहे."

"तू अख्ख्या रस्त्यात एकदाही लावला नाहीस."

"लावावा लागला नाही." त्याने एक निळी गाडी हातात घेतली, अंगठ्याने धूळ पुसली. "आज दुसरा ब्रेक तुझ्या पायाखाली होता. मला वाटलं, माझ्यासाठी एकदा दाबशील."

"दाबला, दादा. तोच दाबलाय."

तो वळला. रागाने काहीतरी बोलणार होता, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "ती तिखट शेपटाला उभं करेल."

"करेल."

"काय विचारेल?"

"मी असते तर जे विचारलं असतं तेच."

"तू काय विचारलं असतंस?" तो जवळ आला. "विचार. इथेच विचार. कोर्टात परक्या बाईने विचारण्यापेक्षा तू विचार मला. एवढी मोठी वकील आहेस, महिनाभर घरात येतेस, चहा करतेस, कप पुसतेस, आणि एक अक्षर विचारत नाहीस. का नाही विचारलंस?"

टेबलाला ठोकलेल्या स्टिअरिंगवर सरकारचा हात गेला. कातडं घासून गुळगुळीत झालेलं. याच चाकावर भोवरा पाय खाली पुरत नसताना 'बाजू, बाजू' म्हणत तोंडाने हॉर्न वाजवायचा.

"कारण तू माझा भाऊ आहेस," ती शेवटी म्हणाली. "आणि विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास, आणि मला कळलं असतं."

दादा बाकावर बसला. मुलांच्या बाकावर, गुडघे वर आलेले. रस्त्यावरून एक गाडी गेली, गिअर चुकीचा, इंजिन कण्हत होतं. सवयीने दादाने मान उचलली आणि परत खाली घातली.

जिन्यावर पावलं वाजली. दोघांनाही वाटलं मामा असेल. वहिनी होती. साडी चुरगळलेली, पाय अनवाणी, केस कसेतरी बांधलेले. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच खाली आली होती. ती दारातल्या पाटीखालून आत आली, दादाच्या समोरून गेली, आणि फळ्यापाशी उभी राहिली.

"वहिनी," दादाची बहीण म्हणाली. सरकार नव्हे, नुसती बहीण. "वर जा. दमली आहेस."

वहिनी फळ्यावरचे रस्ते बघत होती, गावात नव्याने आलेलं माणूस बघतं तसं. "ती बाई काय म्हणाली होती, सरकार? ती बांगड्यांची?"

"साहेब दमले होते, मी उठवलं नाही."

"हं." वहिनीने मान हलवली. "आत ऐकू आलं मला. मी पण उठवलं नाही."

"काय करतेयस तू?" दादा म्हणाला.

तिने फळ्याच्या कोपऱ्यातला टँकर उचलला. लाल, एक चाक तुटलेला. वळणावर ठेवला. नीट, रेघेच्या आत, त्याच्याच बाजूला. मग दादासमोर हात पसरला. निळी गाडी अजून त्याच्या मुठीत होती. तो देईना. ती हात तसाच पसरून उभी राहिली, मूल खेळणं देत नाही तेव्हा आई उभी राहते तशी. शेवटी त्याची मूठ सैल झाली.

"थांब, वहिनी," सरकार म्हणाली. "नीट ऐक. तू माझ्यासमोर बोललीस की ते माझ्यापाशी राहणार नाही. घरातलं म्हणून मला झाकता येणार नाही. मला ते उद्या कोर्टात सांगावं लागेल, तुलाही सांगावं लागेल, शेपटालाही. दादाला त्रास होईल. विचार करून बोल."

"तुझ्यासमोर बोलू नको असं मला सगळ्यांनी सांगितलंय," वहिनी म्हणाली. "म्हणून तर तुझ्यासमोर बोलायला आले."

"अगं, तो गेलाय," दादा म्हणाला. रडतच होता तो आता. "तो गेलाय. आता नाव तरी राहू दे त्याचं."

"नाव राहीलच. मी ठेवलंय ते." तिने नवऱ्याच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, आणि काढला. "त्या टँकरवाल्याची आईपण कुठेतरी बसली असेल पलंगाच्या कडेवर. शेपटाने मला पहिल्याच दिवशी दवाखान्यात सांगितलं, तू त्याच्या उशाशी बसायच्या आधी. आणि त्याने सांगायची गरजही नव्हती. मी कितीदा बसलेय भोवऱ्याच्या मागे. डेअरीच्या वळणाला लांबून वळसा नको म्हणून तो दर वेळी गाडी आडवीच घालायचा. मी त्याचा शर्ट घट्ट धरायचे आणि डोळे मिटायचे. कधी बोलले नाही. म्हटलं, पोराचा हिरमोड नको."

तिने निळी गाडी फळ्याला लावली. दुभाजक ओलांडून, टँकरच्या तोंडासमोर. लोहचुंबक टक् करून चिकटलं.

"टँकर त्याच्याच बाजूने येत होता," ती म्हणाली. "आपली बाजू आपल्या भोवऱ्याने सोडली होती."